वाचाघडीचा चमत्कार

पेडणे तालुक्यातल्या पार्सेच्या मैदानावर त्या रविवारी जमली तेवढी माणसे एरवी केवळ फुटबॉलच्या अंतिम सामन्याला किंवा निवडणुकीआधीच्या जेवणाला जमतात. निळ्या ताडपत्रीचा मांडव होता. काजूच्या उतारापर्यंत मोटारसायकली लागल्या होत्या. चतुर्थीला नव्या सुना नेसतात तसल्या साड्या म्हाताऱ्यांनी पेटीतून काढल्या होत्या. व्यासपीठावर एक सिंहासन होते, आणि सिंहासनापुढच्या चौरंगावर, जिथे एखादी मूर्ती असायला हवी होती, तिथे माणसाचा मेंदू ठेवला होता.

मेंदू प्लास्टिकचा होता. तसलाच एक माझ्याही टेबलावर असतो, कारण मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवतो. फरक एवढाच की माझा मेंदू फिक्या गुलाबी रंगाचा आहे आणि हा भगवा रंगवलेला होता. रंग वाळायच्या आधीच त्याला हळदकुंकू लागले असावे; दोन घड्यांमधल्या खाचेत ते चिकटून बसले होते.

त्या मेंदूच्या मागे श्री श्री ललाटेश्वर महाराज विराजमान होते. महाराज कुठून आले हे कोणाला नक्की ठाऊक नव्हते. जे कुठूनच येत नाहीत ते हिमालयातून येतात, असा आपल्याकडे नियम आहे; त्यामुळे तेही हिमालयातून आले होते. त्यांची दाढी सुरेख विंचरलेली होती, कानात बिनतारी माइक होता आणि उजव्या हाताचा अंगठा सोनेरी वस्त्रात गुंडाळलेला होता. हा अंगठा भक्ताच्या कपाळावर टेकला की मेंदूतली बंद घडी उघडते, असे बाहेरच्या फलकावर लिहिले होते.

“बाळांनो,” महाराज म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरोखर मधासारखा होता, “सटवी सहाव्या रात्री कपाळावर लिहून जाते, हे तुमच्या आजीला ठाऊक होतं. पण लिहिते कुठे? कातडीवर? मग घामानं पुसून नाही जाणार? ती आत लिहिते. आणि लिहून झालं की घडी घालते. हे शास्त्रज्ञ मेंदू कापतात, घड्या बघतात आणि एकमेकांना विचारतात, घड्या कशासाठी? अरे, पत्र आहे, म्हणून घड्या.”

मांडवात एक दीर्घ सुस्कारा उमटला. मलाही क्षणभर आत काहीतरी हलल्यासारखे झाले. उपमा सुंदर होती, आणि तेच मला अधिक लागले. मेंदूच्या घड्यांविषयी मी वर्गात वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. मला इतके साधे, इतके मोहक वाक्य कधी सुचले नाही. मी फक्त खरे तेच सांगत आलो. मेंदूचा पृष्ठभाग पसरला तर मोठ्या वर्तमानपत्राएवढा होईल, आणि तो नारळाच्या करवंटीत मावावा म्हणून चुरगळावा लागतो. यावर मुले झोपतात.

पुढे महाराजांनी घड्यांची नावे सांगितली. कपाळामागच्या ललाटखंडात एकाखाली एक अशा तीन आडव्या घड्या असतात, हे त्यांचे म्हणणे खरे होते. ते त्यांनी मी शिकवतो तसल्याच कुठल्या तरी पाठ्यपुस्तकातून घेतले असणार. शरीरशास्त्रज्ञांना कविता जमत नाही. त्यांनी या तिघींना वरची, मधली आणि खालची एवढीच नावे दिली आणि त्यांच्या मागे उभी राहणारी चौथी घडी स्नायूंना हुकूम सोडते अशी नोंद करून ते मोकळे झाले. खालच्या घडीचे तेवढे त्यांनी पुन्हा तीन तुकडे केले. एक डोळ्याच्या खोबणीवर टेकलेला, एक त्रिकोणी आणि एक झाकणासारखा. आणि नावेही तीच ठेवली. जे दिसले तेच नाव. त्या नावांत मला नेहमी एक उदास प्रामाणिकपणा जाणवतो. समोर काय आहे ते सांगायचे, का आहे ते ठाऊक नसेल तर गप्प राहायचे.

महाराजांना गप्प राहण्याची सवय नव्हती. वरची ती भक्तिघडी, मधली ती कर्मघडी, खालची ती वाचाघडी, असे त्यांनी जाहीर केले. मेंदूच्या मागे खाली लोंबणाऱ्या लहान मेंदूला ते कुंडलिनी म्हणाले. मी खाली मान घालून चपलेने माती उकरत राहिलो. भरल्या सभेत उठून बोलणे मला कधी जमले नाही. आणि त्या दिवशी मी सभेत नव्हतो, मी आप्त होतो. कारण महाराजांनी ज्याची वाचाघडी उघडायची ठरवली होती तो माणूस माझा सख्खा काका होता.

गोकुळदासकाकाचे अख्खे आयुष्य पेडणे ते म्हापसा या खाजगी बसच्या दारात लोंबकळत गेले. तो कंडक्टर होता. तालुक्यात त्याच्या जिभेची ख्याती होती. बस गच्च भरलेली असताना तो आणखी दहा माणसे आत घेई आणि ती माणसे त्याच्या विनोदावर हसत हसत एकमेकांच्या पायावर उभी राहत. पावसाळा सरता सरता एका सकाळी तो चहाचा कप उचलायला गेला आणि कप खाली पडला. उजवा हात लोंबला, तोंड वाकडे झाले आणि ती ख्यातनाम जीभ ‘तो... तो...’ एवढ्यावर येऊन अडली. इस्पितळात स्कॅन झाला. मेंदूच्या डाव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती आणि बोलणे विणणारी ती त्रिकोणी आणि झाकणासारखी जागा रक्तावाचून वाळली होती. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या. बोलण्याच्या सरावासाठी म्हापशाच्या गौरवीकडे जायचे ठरले. ती वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, मूळची डिचोलीकडची, कारापूरची. सराव चिकाटीचा होता, आणि चमत्कार त्याहून जवळ, गावच्या मैदानावर आला होता.

काकाला कदेलावर, म्हणजे हातांच्या खुर्चीवर, बसवून व्यासपीठावर उचलून नेले. त्याचा मुलगा रुद्रेश मोबाइल उंच धरून चित्रीकरण करत होता. महाराजांनी डोळे मिटले, सोनेरी वस्त्र उलगडले आणि अंगठा काकाच्या कपाळावर, उजव्या बाजूला, दाबून धरला.

“मला दिसतंय,” ते म्हणाले. “इथं. इथं काळोख आहे.”

मग त्यांनी खूण केली आणि निखिल पुढे आला. निखिल आमच्याच तालुक्यातला. एरवी क्रिकेटच्या सामन्यांत समालोचन करतो, हल्ली महाराजांचा पट्टशिष्य. त्याने देवळात घालतात तसे गाऱ्हाणे सुरू केले. आमच्याकडे कुठलेही काम गाऱ्हाण्यावाचून सुरू होत नाही. एकाने देवापुढे ठरलेल्या चढउतारात मागणे मागायचे, प्रत्येक वाक्य ‘म्हाराजा’वर टेकवायचे आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. पेडण्यात जन्मलेले मूल आईच्या खांद्यावर झोपेतसुद्धा ही साथ देते.

“बा देवा म्हाराजा,” निखिल म्हणाला, “आज तुझा लेकरू गोकुळदास तुझ्या पायाशी इला हा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मांडव म्हणाला.

आणि त्या आवाजात आणखी एक आवाज होता. घोगरा, पण स्वच्छ. माइक काकाच्या तोंडाशी होता. त्याचे ओठ हलले होते.

मांडवात गलका उठला. निखिलने हात वर करून सगळ्यांना गप्प केले आणि पुढचे वाक्य एकट्या काकाला घातले. ह्या इस्पितळाच्या गुळयांनी तुझी जीभ बांधली होती, ती आता सुटूंदे म्हाराजा. “व्हय म्हाराजा,” काका म्हणाला. इस्पितळाचा मार्ग सोडून तू बाबाच्या पायाशी रवशील म्हाराजा. “व्हय म्हाराजा.” बायका रडू लागल्या. काकाची बायको, देवकीकाकी, व्यासपीठाच्या पायरीवरच कोसळली. महाराजांनी माइकमध्ये अत्यंत मृदू आवाजात सांगितले की गोकुळदासाने स्वतःच्या मुखाने साक्ष दिली आहे, तेव्हा पुढच्या रविवारी सर्व भक्तांसमक्ष औषध-विसर्जन होईल. तोवर गोळी घेऊ नये. उघडलेली घडी गोळीने पुन्हा चिकटते.

संध्याकाळी मी काकाच्या घरी गेलो तेव्हा गोळ्या भगव्या कापडाच्या पिशवीत बांधून देव्हाऱ्यात ठेवलेल्या होत्या. हे काम रुद्रेशने केले होते. रुद्रेश तुयेंच्या औद्योगिक वसाहतीत, गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आहे. दिवसभर तो इतरांच्या गोळ्या नीट आहेत ना ते पाहतो.

मी त्याला हळूच समजावू लागलो. बाबांना आलेला झटका पुन्हा येऊ शकतो. गोळ्या त्यासाठीच आहेत, बोलण्यासाठी नव्हेत. पहिले काही महिने सरावाचे असतात, ते फुकट गेले तर परत येत नाहीत. तो मोबाइलवर आपल्या चित्रफितीखालच्या प्रतिक्रिया वाचत होता.

“दादा,” तो वर न बघता म्हणाला, “तू मेल्या माणसांचो दोतोर. जित्या माणसांचा तुका काय कळता?”

यात तथ्य नव्हते असे नाही. माझे रुग्ण तक्रार करत नाहीत.

काकी चुलीपाशी होती. ती माझ्यावर रागावली नाही, आणि ते अधिक जड होते. “बाळा, माझ्या कानांनी आयकला मी,” ती म्हणाली. “तुमच्या इस्पितळात एक सबद फुटलो नाय. बाबान आंगठो लायलो आनी माणूस बोल्लो. आता मी कान खंय ठेवू?”

मी काकाजवळ गेलो. तो जनेलाशी, खिडकीपाशी, बसून रस्त्याकडे बघत होता. मी रक्तदाब मोजला. आकडा भलताच चढलेला होता. पण त्या घरात आकड्यांना आता किंमत नव्हती. मी विचारले, काका, चहा हवा का? ‘तो... तो...’ एवढेच आले. काकी म्हणाली, तुझ्यापाशी कसा बोलणार, भक्ती लागता.

मी अंगणात येऊन गौरवीला फोन केला. तिने सगळे ऐकून घेतले. मग तिने एकच प्रश्न विचारला: “ते ‘होय’ म्हणाले, की ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले?”

“व्हय म्हाराजा,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला कळले. तिच्या रुग्णांपैकी एक निवृत्त मास्तर ‘पाणी’ हा शब्द उच्चारू शकत नाहीत, पण अख्खी आरती म्हणतात. एक बाई नवऱ्याचे नाव विसरली आहे आणि शिव्या एकही नाही, हे ती पुढे सांगत होती. आणि मी ललाटखंडाच्या घड्यांची नावे जन्मभर पाठ केलेला माणूस, त्या मांडवात बसून, समोर घडत असलेली गोष्ट ओळखू शकलो नव्हतो, कारण मी खाली मान घालून माती उकरत होतो.

घरात परत गेलो आणि एवढ्या दिवसांत कोणी केले नव्हते ते केले. मी काकाला सगळे समजावून सांगितले. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. काकाला सगळे कळत होते. मी सांगत गेलो, तो ऐकत गेला. त्याच्या डोळ्यांत प्रथम आश्चर्य आले, मग एक अशी शरम आली की मला माझे बोलणे थांबवावेसे वाटले. मी विचारले, गोळ्या घ्यायच्या का? त्याने मान खाली-वर केली. पुन्हा विचारले, तेव्हा पुन्हा केली, अधिक जोराने.

मी रुद्रेशला बोलावून दाखवले. तो हसला. “मान काय, माडाची पण हालता वाऱ्यान. माझ्या बाबांनी तोंडान सांगला ता खरा.”

म्हणजे जे काकाचे स्वतःचे होते ते वाऱ्याचे ठरले, आणि जे वाऱ्याचे होते ते साक्ष म्हणून मांडवात गाजले. मी काकाला आणखी एक गोष्ट विचारली. रविवारी मी सगळ्यांसमोर जे करणार होतो त्याने त्याची थट्टा झाल्यासारखे दिसेल, चालेल का? तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने डाव्या हाताने माझे मनगट धरले आणि दाबले.

पुढच्या रविवारी मैदान अधिक भरले होते. रुद्रेशची चित्रफीत बांदा-सावंतवाडीपर्यंत पोहोचली होती. तिकडून जीपगाड्या आल्या होत्या. मेंदूशेजारी एक पितळी घागर होती, तीत गोळ्या पडायच्या होत्या. लोक आपापल्या घरची औषधे घेऊन रांगेत उभे होते. मधुमेहाची, दम्याची, फिटची. एका आईच्या हातात लहान मुलाच्या श्वासाचा पंप होता. तो पंप पाहिला आणि मी उठलो.

पुतण्या म्हणून मला व्यासपीठावर चढू दिले. मी स्कॅनची फिल्म आणली होती. माझा आवाज फुटेना, शब्द दोनदोनदा आले, मागून कोणीतरी जोरात बोल म्हणून ओरडले. मी महाराजांना विचारले की मागच्या रविवारी त्यांना काळोख कुठल्या बाजूला दिसला होता. त्यांनी प्रेमळपणे काकाच्या कपाळाची उजवी बाजू दाखवली. मी फिल्म उजेडात धरली.

“हे पाहा,” महाराज लोकांना म्हणाले, “यंत्रालासुद्धा तिथेच दिसलं. उजवीकडे काळा डाग.”

डाग खरोखरच फिल्मच्या उजवीकडे होता. मी सांगितले की या फिल्म पायांकडून पाहिल्यासारख्या छापतात, म्हणून रुग्णाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. कडेला तसे अक्षरही छापलेले असते. ते हे पाहा. काकाचा उजवा हात गेला तो मेंदूची डावी बाजू गेल्यामुळे, कारण मेंदूतून निघणाऱ्या वाटा खाली उतरताना एकमेकींना ओलांडतात. महाराजांचा अंगठा कपाळातून पाहत असता तर तो डावीकडे थांबला असता. तो उजवीकडे थांबला, कारण महाराजांनी कपाळ पाहिले नव्हते. निखिलने त्या सकाळी काकीकडून मागून नेलेली ही फिल्म त्यांनी पाहिली होती, आणि तीही चुकीची वाचली होती.

माझ्या मते हा पुरावा निर्णायक होता. मी मांडवाकडे पाहिले. वर्गात मुले माझ्याकडे ज्या डोळ्यांनी पाहतात, त्याच डोळ्यांनी मांडव माझ्याकडे पाहत होता.

“बाळ,” महाराज कनवाळूपणे म्हणाले, “देवाला डावं-उजवं नसतं.”

टाळ्या पडल्या. निखिलने घागर पुढे सरकवली. रुद्रेशने भगवी पिशवी सोडली.

मला तेव्हा काय झाले ते मी नीटसे सांगू शकत नाही. मी निखिलला म्हणालो, विसर्जनाआधी गाऱ्हाणे व्हायला हवे, आणि ते घरच्या माणसाने घालावे अशी रीत आहे. रीत म्हटल्यावर कोणी अडवत नाही. माइक माझ्या हातात आला. मी डोळे मिटले आणि लहानपणापासून ऐकलेला तो चढउतार धरला.

“बा देवा म्हाराजा, हो गोकुळदास जल्मभर बसीर तिकिटा फाडीत रवलो म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” मांडव म्हणाला. काकाही म्हणाला.

माझा आवाज अडखळत नव्हता. वाक्य मी बोलत नव्हतो. वाक्य मला उचलून नेत होते.

“ती बस पेडण्यातसून उडान चंद्रार जाय, आनी वाटेत धारगळाक थांबा म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” अख्खा मांडव एका आवाजात म्हणाला.

आपण काय म्हणालो ते लोकांना एक श्वास उशिरा कळले. कुठेतरी एक बाई फिस्सकन हसली. काकाच्या तोंडाची हलणारी बाजू वर गेली होती. तोही हसत होता.

मी मांडवाला गप्प राहायला सांगितले आणि काकाकडे वळलो. “हो गोकुळदास माझो काका न्हय, माझी आजी म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” काका एकटा, स्वच्छ, म्हणाला.

आता हशा थांबेना. मी शेवटचे वाक्य घातले, सर्वांसाठी. “आनी ह्या बाबाक मेंदवातला कायएक कळणा नाय म्हाराजा.”

म्हाताऱ्या, पोरे, जीपगाड्यांतून आलेले पाहुणे, सगळ्यांच्या तोंडून साथ निघून गेली. ध्वनिक्षेपकावर सगळ्यांत ठळक आवाज निखिलचा होता. त्याने दुसरा माइक बंद केला नव्हता.

मग मी गाऱ्हाण्याचा सूर सोडला आणि साध्या आवाजात काकाला विचारले, काका, काकीचे नाव काय?

हशा हळूहळू विरला. काकाने तोंड उघडले. मानेच्या शिरा ताणल्या. ‘तो... तो...’ त्याने पुन्हा प्रयत्न केला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्याने ते पुसले नाही. ज्या मांडवाने त्याला बोलताना ऐकले होते, त्याच मांडवाने त्याला आता न बोलता येताना पाहिले. मी त्याची परवानगी घेतली होती. तरीही ते पाहणे मला सोपे गेले नाही.

देवकीकाकी उठली. ती व्यासपीठावर आली, रुद्रेशच्या हातातली पिशवी घेतली आणि कंबरेला खोचली. “माझा नाव तेका येणा नाय,” ती महाराजांना म्हणाली, “आनी तुमी म्हणतास तो बोल्लो.” एवढेच. तिच्यामागे ती पंपवाली आई रांगेतून बाहेर पडली, मग रांगच राहिली नाही. महाराजांनी येथील स्पंदने अशुद्ध असल्याचे जाहीर केले आणि भगवा मेंदू काखेत मारून ते गाडीत बसले. हल्ली ते दुसऱ्या कुठल्या तालुक्यात असतात. तिकडची स्पंदने शुद्ध असावीत.

काय घडले होते, ते आता सांगतो. मनात विचार येतो, त्याला शब्द शोधायचे, ते ओळीत लावायचे आणि जिभेकडे पाठवायचे, हे नवे वाक्य विणण्याचे काम बहुतेक माणसांत डाव्या ललाटखंडाच्या खालच्या घडीशी, तिच्या त्रिकोणी आणि झाकणासारख्या तुकड्यांशी बांधलेले असते. पण आपण जे बोलतो त्यातले बरेचसे नवे नसतेच. आरत्या, पाढे, वारांची नावे, शिव्या, गाऱ्हाण्याची साथ. हजारदा म्हटलेले हे शब्द विणावे लागत नाहीत. ते तयार कापडासारखे दुसरीकडे ठेवलेले असतात. माग मोडला तरी कापड उरते. सूर आणि ताल मिळाला की ते आपोआप उलगडते; त्याला अंगठा लागत नाही, भक्तीही लागत नाही. निखिलच्या जागी रेडिओ असता तरी काकाने साथ दिली असती. महाराजांनी फक्त एवढे केले की ज्या प्रश्नांना ‘व्हय’ सोडून उत्तरच नसते, तेच प्रश्न विचारले, आणि त्या उत्तराला साक्ष म्हटले. मांडवातल्या धडधाकट माणसांचेही तेच झाले. चंद्रावर जाणाऱ्या बसला त्यांनीही साथ दिली, आणि त्यांच्या मेंदूत कुठलीही गुठळी नव्हती.

गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. रक्तदाब उतरला. रुद्रेशने चित्रफीत काढून टाकली नाही. पण रजा काढून काकाला म्हापशाला तोच नेतो. गौरवी आरतीची चाल वापरते. चालीत ‘पाणी’ म्हणायला लावते, मग चाल हळूहळू काढून घेते. काम कंटाळवाणे आहे. पाहायला कोणी मांडव घालत नाही.

गेल्या आठवड्यात मी तिथे असताना निखिल आला. महाराजांनी मोठ्या मनाने क्षमा केली असून खास अंगारा पाठवला आहे, असे तो म्हणाला. जुन्या ओळखीने तो अंगणात शिरला, वाकला आणि गाऱ्हाण्याच्या सुरात गोड आवाजात म्हणाला, “बा म्हाराजा, ह्यो अंगारो आता कपाळाक लावया म्हाराजा.”

काकाचे ओठ त्या ठरलेल्या साथीसाठी उघडले. मला ते दिसले. मग ते मिटले. त्याचा चेहरा लाल झाला, डावी मूठ कदेलाच्या हातावर आवळली गेली, आणि खूप वेळाने, खूप खोलातून, वेडावाकडा, अर्धा हवेतच विरलेला एक शब्द बाहेर आला.

“ना... का.” आमच्या बोलीत ‘नको’.

गौरवीला फोन केला तेव्हा ती लगेच हुरळली नाही. योगायोग असेल, म्हणाली. वेगवेगळ्या वेळी विचारून पाहा, नको असलेले आणि हवे असलेले, दोन्ही. आम्ही पाहिले. नको असते तिथेच तो शब्द येतो, हवे असते तिथे मान हलते. तेव्हा कुठे ती हसली.

वाचकहो, तुमच्या गावातही मांडव पडेल. घड्यांची नावे तुम्हाला पाठ नसली तरी चालेल; मला होती, आणि मीही पहिल्या रविवारी गप्प बसलो. फक्त एवढे करा. सगळे एका सुरात ‘व्हय’ म्हणतील तेव्हा एक श्वास थांबा आणि आपल्याला नेमके काय विचारले गेले ते पुन्हा एकदा ऐका. ‘व्हय’ कोणाच्याही तोंडून वदवून घेता येते. ‘नाका’ म्हणायला माणसाला स्वतःचा मेंदू वापरावा लागतो, आणि माझ्या काकाने तो अर्धा वाळलेला असताना वापरला.